मिग-29 विकत घेतलं, पुढे काय? इरिट्रियाच्या हवाई दलाची गोष्ट

ऑक्टोबर 2012 मधे इरिट्रियाच्या राष्ट्राध्यक्षांसाठी ठेवलेलं छोटं विमान घेऊन दोन पायलट लाल समुद्र ओलांडून सौदी अरेबियात जिझानला उतरले आणि आम्हाला आश्रय द्या म्हणाले. विमान तिथेच अडकून पडलं. मग पुढच्या वर्षी ते परत आणायच्या कामगिरीवर हवाई दलातल्या एका महिला पायलटला पाठवलं, तर त्याही तिकडेच राहिल्या! बातमी जगभर गाजली, लोक हसले. पण ज्या देशाकडे विमान उडवू शकणारी माणसंच मुळात मोजकी आहेत त्या देशाचे तीन पायलट असे एकाच विमानापायी गेले म्हणजे काय झालं हे लक्षात आलं की हसू पळतं.

छोट्या देशांच्या हवाई दलाबद्दल नेटवर वाचायला गेलं की याद्याच सापडतात, अमुक इतकी मिग, तमुक इतकी सुखोई. त्या याद्यांवरून काहीही कळत नाही, खरं सांगतो. इरिट्रियाचं उदाहरण घेऊन नीट बघूया, कारण तिथे सगळं फार थोड्या वर्षांत घडलं, शून्यातून हवाई दल उभं राहिलं, चार वर्षांत लढाईत उतरलं, आणि त्यात मार खाल्ला.

आधी देश कुठला ते. आफ्रिकेच्या शिंगाजवळ लाल समुद्राला लागून एक लांबट पट्टी, खाली तापलेला किनारा आणि वर उंच पठार, शेजारी सुदान, इथिओपिया आणि जिबूती. 1890 पासून इटलीची वसाहत. 1941 मधे ब्रिटिशांनी ती इटलीकडून घेतली आणि त्यातली सगळ्यात कठीण लढाई झाली केरनच्या डोंगरात, तिथे भारताच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजन लढल्या, आपली मराठा लाइट इन्फंट्री पण होती, रेजिमेंटच्या बॅटल ऑनर्समधे, म्हणजे गाजवलेल्या लढायांच्या मानाच्या यादीत, केरनचं नाव आजही आहे. नंतर 1952 मधे यूएनच्या ठरावाने इरिट्रिया इथिओपियाला संघराज्य म्हणून जोडला गेला, आणि 1962 मधे सम्राट हैले सेलासीने ते संघराज्य गुंडाळून सरळ आपला एक प्रांत करून टाकला. तोवर बंदुका बाहेर आल्याच होत्या, लढा 1961 लाच सुरू झालेला. तीस वर्षं चालला. 24 मे 1991 ला बंडखोर राजधानी अस्मारात शिरले, एप्रिल 1993 मधे सार्वमत झालं, 99.8 टक्के लोक स्वतंत्र व्हायचं म्हणाले.

आता या तीस वर्षांत एक गोष्ट बघा. बंडखोरांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं आणि समोर इथिओपियाचं हवाई दल होतं, जे तेव्हाच्या आफ्रिकेतल्या तगड्या हवाई दलांपैकी एक, 1977-78 च्या ओगादेन युद्धात सोमालियाला आकाशात पाणी पाजलेलं, आधी अमेरिकन एफ-5 आणि मग सोव्हिएत मिग घेऊन बसलेलं. त्यामुळे बंडखोरांचं सगळं आयुष्यच रात्रीचं झालं. नाकफाच्या डोंगरात खंदक, ओरोटाला दऱ्याखोऱ्यात आणि जमिनीखाली लपवलेलं हॉस्पिटल, दिवसा कोणी उघड्यावर फिरायचं नाही, ट्रक चालणार ते अंधार पडल्यावर. विमानांशी लढायचं कसं तर ती उडायच्या आत, म्हणून 1984 मधे त्यांच्या कमांडोंनी अस्माराच्या विमानतळात घुसून उभी विमानं उडवून दिली. फेब्रुवारी 1990 मधे त्यांनी मसावा बंदर घेतलं तर इथिओपियाच्या विमानांनी पुढे कितीतरी दिवस त्या शहरावर बॉम्ब टाकले. मसावात पडझड झालेल्या इमारती आजही दिसतात.

तर ज्या लोकांना तीस वर्षं विमान म्हणजे वरून येणारं संकट एवढंच माहीत होतं, त्यांच्या हातात देश आल्यावर आपलंही हवाई दल पाहिजे असं वाटणं यात नवल काय.

1994 च्या सुमारास हवाई दल उभं राहिलं. आणि सुरुवात त्यांनी खरंच शहाणपणाने केली हे मान्य करायला पाहिजे. फिनलंडकडून रेडिगो नावाची पंख्याची ट्रेनर विमानं घेतली, चीनकडून वाय-12 ही छोटी मालवाहू विमानं, आणि मग 1996-97 मधे इटलीकडून, म्हणजे जुन्या मालकाकडूनच, सहा एमबी-339 जेट. हे एमबी-339 मूळचं ट्रेनर, पण पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेट टांगता येतात. आधीच्या इथिओपियन हवाई दलात नोकरी केलेले काही इरिट्रियन लोक अनुभव घेऊन आले, बाकी पोरं नवी, त्यातली कितीतरी लढ्यातून आलेली.

हा क्रम समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फायटर पायलट एकदम तयार होत नाही. आधी साधं पंख्याचं विमान, त्यावर उडणं-उतरणं, वाट शोधणं, मग जेट ट्रेनर, तिथे वेग वाढतो आणि विचार करायला वेळ कमी मिळतो, मग शस्त्रं वापरायचा सराव, मग खरं फायटर, आणि त्यानंतरही स्क्वाड्रनमधल्या सीनियर पायलटांबरोबर उडून उडून तो कामाचा होतो. मोठ्या हवाई दलांतसुद्धा यात चार-पाच वर्षं सहज जातात. आणि शिकवणारा कोण? ज्याने हे आधी स्वतः केलंय तो. नव्या देशात तोच नसतो. म्हणजे पहिली पिढी परक्यांकडून शिकते, दुसरी पिढी पहिलीकडून, आणि तिसऱ्या पिढीपासून कुठे आपली म्हणावी अशी पद्धत तयार होते. इथिओपियाच्या हवाई दलाची अशी पन्नासेक वर्षं झाली होती. इरिट्रियाची चार.

अजून एक भानगड म्हणजे अस्मारा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,325 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ हजार मीटर जास्त. इतक्या उंचीवर हवा खालच्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनलाही ताकद कमी मिळते, दोन्हीकडून मार, मग विमानाला रनवेवर जास्त लांब पळावं लागतं नाहीतर बॉम्ब किंवा इंधन कमी न्यावं लागतं. कागदावर एखादं विमान दोन टन बॉम्ब नेतं असं लिहिलेलं असेल तर ते समुद्रकिनाऱ्याजवळच्या हवेतलं गणित असतं. आणि किनाऱ्यावर मसावाला गेलात तर तिथे उष्णता, धूळ आणि खारी हवा, इंजिनचे आणि धातूचे हाल. थोडक्यात देशात सोयीची जागा नाहीच.

मे 1998. बादमे नावाच्या एका धुळकट गावाच्या सीमेवरून इथिओपियाशी चकमक झाली आणि बघता बघता युद्ध पेटलं. 5 जूनला इथिओपियाच्या मिग-23 नी अस्माराच्या विमानतळावर बॉम्ब टाकले आणि त्याच दिवशी इरिट्रियाच्या एमबी-339 नी इथिओपियातल्या मेकेले शहरावर. आधी कोणी टाकले यावर दोन्ही देशांनी एकमेकांकडेच बोट दाखवलं. अस्मारावर आलेलं एक मिग-23 पडलं, त्याचा पायलट बेझाबिह पेट्रोस जिवंत हाती लागला, आणि गंमत नव्हे पण योगायोग असा की हाच माणूस 1984 मधेही बंडखोरांच्या हाती लागला होता आणि नंतर सुटला होता. या वेळी मात्र इरिट्रियाने त्यांना परत दिलंच नाही.

मेकेलेला काय झालं ते जरा सविस्तर सांगतो. अस्मारापासून मेकेले सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्याही आत, जेटला जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. लक्ष्य होतं मेकेलेचा विमानतळ. त्या दिवशी दुपारी इरिट्रियाची विमानं चार वेळा गेली. दोन फेऱ्यांतले बॉम्ब विमानतळावर पडले. बाकी दोन फेऱ्यांतले क्लस्टर बॉम्ब, म्हणजे हवेत फुटून छोटे छोटे शेकडो बॉम्ब पसरवणारे, पडले आयडर नावाच्या वस्तीवर, तिथल्या शाळेवर आणि आजूबाजूला. शाळेतली मुलं गेली. पहिल्या बॉम्बनंतर लोक जखमींना मदत करायला धावले आणि दुसरे बॉम्ब तिथेच येऊन पडले. 53 लोक मेले, 185 जखमी.

युद्धानंतर हेगमधे दोन्ही देशांच्या दाव्यांसाठी एक आयोग बसला होता, त्याने 2004 च्या निकालात यावर बरंच लिहिलंय. मुद्दाम शाळेवर टाकले असं आयोगाला वाटलं नाही, कारण विमानतळ सोडून एका वस्तीवर बॉम्ब टाकून इरिट्रियाला काय मिळणार होतं. पण इरिट्रियाला जबाबदार धरलं, कारण नागरिकांना वाचवण्यासाठी जी काळजी शक्य होती ती घेतली नाही. विमानातल्या कॉम्प्युटरमधे लक्ष्याची माहिती आधी भरावी लागते आणि ती भरणारे लोक आणि पायलट, दोघंही या कामात अगदी नवखे होते. हे शस्त्र त्यांनी युद्धात आधी वापरलंच नव्हतं. आता वरचा तो शिकण्याचा क्रम आठवा. चार वर्षांच्या हवाई दलाला क्लस्टर बॉम्ब देऊन शहराजवळच्या लक्ष्यावर पाठवलं तर चूक होणारच होती आणि त्या चुकीची किंमत त्या पायलटांनी नाही तर आयडरच्या लोकांनी भरली. आणि ज्यांनी हे केलं त्यांनीच आठ वर्षांपूर्वी मसावात हेच सोसलं होतं. मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हेच वाटतं.

14 जूनच्या सुमारास अमेरिकेने मधे पडून दोघांना हवाई हल्ले थांबवायला लावले. ही बंदी फेब्रुवारी 1999 पर्यंत टिकली. पण जमिनीवर खंदक खोदणं चालू आणि पडद्यामागे खरेदी चालू. डिसेंबर 1998 च्या आसपास इथिओपियाने रशियाकडून सुखोई-27 आणली आणि इरिट्रियाने मिग-29. जगातल्या सगळ्यात गरीब देशांमधले दोन, आणि एकमेकांसमोर त्या काळातली भारीतली फायटर विमानं! आदल्या वर्षी जे पायलट सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाचे, ट्रेनर उडवत होते त्यांच्याकडे आता आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान. दोन्हीकडून परदेशी लोक उडवतायत, इथिओपियाकडून रशियन, इरिट्रियाकडून युक्रेनियन, असे आरोप तेव्हा भरपूर झाले. विमानांबरोबर तंत्रज्ञ आणि शिकवणारे बाहेरून येणं तर अपरिहार्यच होतं, दुसरं कोण करणार ते काम.

फेब्रुवारीच्या शेवटी बादमेवर इथिओपियाने मोठी चढाई केली आणि 25-26 तारखेला आकाशात मिग-29 आणि सुखोई-27 समोरासमोर आले. या दोन विमानांची ही पहिलीच खरी लढाई, म्हणून जगभरचे विमानवेडे आजही तिच्यावर वाद घालतात. आकड्यांवर एकमत नाही, पण इरिट्रियाची मिग पडली आणि इथिओपियाचं सुखोई पाडल्याचा पुरावा नाही, इतकं नक्की धरायला हरकत नाही.

यात एक तांत्रिक गोष्ट फार इंटरेस्टिंग आहे. दोन्हीकडून लांब पल्ल्याची आर-27 मिसाईल सुटली आणि ती बहुतेक सगळी फुकट गेली. का? त्या मिसाईलच्या एका प्रकाराला स्वतःची नजर नसते असं समजा. विमानाचा रडार शत्रूवर लहरी सोडतो, त्या शत्रूवर आपटून परत येतात, त्या परतीच्या लहरींकडे मिसाईल जातं. म्हणजे मिसाईल पोचेपर्यंत पायलटने नाक शत्रूकडेच धरून ठेवायला हवं, आणि समोरून तोही तुमच्यावर मिसाईल सोडून बसलेला असताना तसं सरळ जात राहायला जिगर आणि सराव दोन्ही लागतं. तो वळला की मिसाईल आंधळं. मग जवळ आल्यावर उष्णतेच्या मागे जाणारं आर-73 कामाला येतं आणि तिथे ज्याच्याकडे इंधन जास्त, उंची जास्त आणि डोकं थंड तो जिंकतो. सुखोई मोठं विमान, पोटात इंधन भरपूर, रडारही मोठा. मिग-29 मुळात सोव्हिएतांनी आघाडीजवळच्या तळावरून उडून, जमिनीवरच्या रडारवाल्याच्या सांगण्यावरून थोड्या वेळात लढून परत यायचं अशा कामासाठी बनवलेलं, त्यामुळे इंधन कमी. पाठीमागे रडारचं जाळं आणि तयार कंट्रोलर असतील तर ते भयंकर विमान आहे. इरिट्रियाकडे ते जाळं तेवढं नव्हतं. म्हणून नुसतं "सुखोई मिगपेक्षा भारी" असं म्हणणं मला पटत नाही, इथे एका पूर्ण यंत्रणेने अर्धवट यंत्रणेला हरवलं.

आता दुसरा खर्च, जो यादीत कधीच दिसत नाही. मिग-29 ची सुरुवातीची इंजिनं काही शे तास उडाली की काढून ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीला, पाठवावी लागतात. भारताने मिग-29 घेतली तेव्हा 1987 मधे ती पहिल्यांदा पुण्याला लोहगावला आली, आणि पुढे तिच्या मोठ्या दुरुस्तीसाठी नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा स्वतःचा बेस रिपेअर डेपो कामाला लागला, शेकडो कुशल हात, टेस्टिंगची सोय, स्पेअरची कोठारं. हे सगळं असूनही आपल्याला स्पेअरसाठी रशियाकडे बघावं लागलंच. इरिट्रियात ओझर नाही. तिथे इंजिन संपलं की ते बाहेर पाठवायचं, त्याचे डॉलर द्यायचे, वाट बघायची. म्हणून मग होतं काय की दोन विमानांचे पार्ट काढून तिसरं उडवायचं. दारात हत्ती झुलतोय पण त्याला घालायला चारा नाही.

मे 2000 मधे इथिओपियाने शेवटची मोठी चढाई केली आणि तेव्हा आकाश जवळपास त्यांचंच होतं. 28 मेला मसावाजवळच्या हिरगिगोच्या नव्या कोऱ्या पॉवर स्टेशनवर त्यांच्या विमानांनी बॉम्ब टाकले. दक्षिणेकडच्या असाब बंदराला पाणी पुरवणाऱ्या हरसिलेच्या जलाशयावरही या युद्धात टाकले. हेगच्या आयोगाने पुढे पॉवर स्टेशन हे लष्करी लक्ष्य धरलं आणि पाण्यावरचा हल्ला मात्र बेकायदा ठरवला. पण निकाल नंतरचा, त्या दिवशी थांबवायला कोणी नव्हतं. मिग घेण्यामागचा मूळ हेतूच हा की अशी वेळ येऊ नये, आणि नेमकी तीच आली.

जूनमधे युद्ध थांबलं, डिसेंबर 2000 मधे अल्जिअर्सला करार झाला. मधल्या पट्ट्यात यूएनची शांतिसेना आली, त्यात भारताची बटालियनही होती आणि काही काळ फोर्स कमांडर भारताचे मेजर जनरल राजेंदर सिंह. आणि इथे इरिट्रियाने एक मजेशीर प्रकार केला. ऑक्टोबर 2005 मधे यूएनच्या हेलिकॉप्टरना आपल्या हद्दीत उडायला बंदी घातली. फायटरने जे साधलं नव्हतं ते एका पत्राने साधलं, यूएनला सीमेवर नीट बघताच येईना. अर्थात त्यामुळे जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरने हलवणंही बंद झालं, त्यामुळे कौतुक करावं असं त्यात काही नाही.

त्याआधीच 2003 च्या आसपास सुखोई-27 ही इरिट्रियात आल्या, म्हणजे धडा काय घेतला तर इथिओपियाकडे होतं तेच आपणही आणायचं. मग डिसेंबर 2009 मधे यूएनने शस्त्रबंदी लादली, सोमालियातल्या गटांना मदत केल्याच्या आरोपावरून, आणि ती नोव्हेंबर 2018 पर्यंत राहिली. शस्त्रबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नवीन विमानं येतात, पण खरा फास बसतो तो स्पेअर, टायर, इंजिन ओव्हरहॉल आणि ट्रेनिंगवर. नऊ वर्षं हे सगळं कायदेशीर मार्गाने मिळालं नाही तर उभी विमानं उभीच सडतात. शिवाय पायलट महिन्याला अमुक तास उडला नाही तर त्याचा हात जातो, मग विमान असूनही उपयोग शून्य.

आणि माणसं. इरिट्रियात राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे, कागदावर दीड वर्ष, प्रत्यक्षात कधी संपेल याचा पत्ता नाही, बारावीचं वर्ष पोरं सावाच्या लष्करी कॅम्पमधे काढतात. देशपातळीवरची निवडणूक झालेली नाही, 1993 पासून इसायास अफवर्कीच सत्तेवर. अशा देशातून दर वर्षी हजारो तरुण पायी सीमा ओलांडून जातात. पायलटला फक्त वेगळी वाट उपलब्ध असते, इतकाच फरक. त्यामुळे सरकार पायलटवर भरवसा ठेवत नाही, भरवसा नाही म्हणून उडू देत नाही, उडू दिलं नाही म्हणून तो कच्चा राहतो. यातून बाहेर कसं पडायचं याचं उत्तर कुठल्याही विमान कंपनीकडे नाही.

बरं, देशाची जागा मात्र सोन्याची. येमेनच्या समोर, लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या अगदी जवळ असाब. 2015 पासून यूएईने तिथला जुना विमानतळ घेतला, हॅंगर बांधले, बंदर खोदलं, आणि येमेनच्या युद्धासाठी तिथून फायटर आणि ड्रोन उडवले. म्हणजे इरिट्रियाच्या जमिनीवरून रोज आधुनिक विमानं उडत होती, फक्त ती इरिट्रियाची नव्हती. 2021 च्या सुरुवातीला यूएईने बाडबिस्तरा गुंडाळला आणि बरीचशी शेड उचकटून जहाजावर घालून नेली.

मधल्या काळात 2018 मधे इथिओपियाशी मैत्री झाली, 18 जुलैला वीस वर्षांनी पहिलं प्रवासी विमान अदिस अबाबाहून अस्माराला उतरलं, लोक रनवेवर नाचले. दोन वर्षांत इथिओपियाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध. 14 नोव्हेंबर 2020 ला टिग्रेच्या बाजूने सोडलेली रॉकेट अस्माराच्या विमानतळाकडे आली. त्या युद्धात इरिट्रियाचं पायदळ प्रचंड संख्येने सीमा ओलांडून गेलं आणि त्यांच्यावर अत्याचारांचे गंभीर आरोप झाले, पण आकाशातून जे काही झालं त्यात इथिओपियाची विमानं आणि ड्रोन होते, इरिट्रियाच्या मिगचं नाव फारसं ऐकू आलं नाही.

माझं मत विचाराल तर या देशाला फायटरची हौस परवडत नाही. हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे, दाहलाकची शंभरावर बेटं आहेत, समोरून जगातली इतकी जहाजं जातात, डोंगरातून रस्त्याने आजारी माणूस अस्माराला आणायला दिवस लागतो. चार हेलिकॉप्टर आणि चार वाय-12 कायम उडत्या स्थितीत ठेवली, खांद्यावरून डागायची मिसाईल आणि थोडे बरे रडार ठेवले, तरी कितीतरी जास्त काम होईल आणि खर्चही खूप कमी. यावर उलट बोलणारे म्हणतील की शेजाऱ्याकडे सुखोई असताना वाय-12 घेऊन बसायचं का, आणि डिसेंबर 1998 मधे अस्मारात बसलेल्या माणसाला हा प्रश्न अगदी खरा होता. पण मिग घेऊनही आकाश राखता आलं नाही, हेही तितकंच खरं आहे.